सशाची पोरकी पिल्लं हातावर वाढवताना: पहिल्या रात्रीपासून सहाव्या आठवड्यापर्यंत

सकाळी पिंजऱ्यात डोकावलं तर कोपऱ्यातल्या केसांच्या ढिगात बोटाएवढी गुलाबी पिल्लं वळवळताहेत आणि मादी दुसऱ्या टोकाला निवांत गवत चघळत बसलीय. दुपारी बघितलं, संध्याकाळी बघितलं, ती पिल्लांकडे फिरकलेलीसुद्धा नाही. इथे बहुतेकांचा धीर सुटतो. घरातलं गाईचं दूध कोमट करून ड्रॉपरने पाजणं सुरू होतं. माझ्याकडच्या पहिल्या वेताला मीही हेच केलं होतं. पाच पिल्लं होती, चार दिवसांत पाचही गेली. त्यांच्या आईने त्यांना टाकलेलंच नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. ते कळल्यापासून कुणीही 'पिल्लांना काय पाजू' असं विचारलं की मी आधी एकच सांगते, आज रात्री काही पाजू नका, उद्या पहाटे त्यांची पोटं बघा.

आईने खरंच सोडलंय का?

मांजर किंवा कुत्री पिल्लांना कुशीत घेऊन पडून राहते. सशाची मादी तसं करत नाही. ससा हा इतरांचं भक्ष्य असलेला प्राणी, त्यामुळे आई जितकी घरट्यापासून लांब तितका पिल्लांचा पत्ता शत्रूला कमी लागतो. ती चोवीस तासांतून एकदा, फार तर दोनदा, बहुधा रात्री उशिरा किंवा पहाटे येते, तीन ते पाच मिनिटं पाजते आणि निघून जाते. तिचं दूध इतकं दाट असतं की तेवढं पिल्लांना दिवसभर पुरतं. दिवसा ती त्यांच्याकडे बघत नाही, यात काळजीचं काहीच नाही.

पोटावरून सगळं कळतं. पाजलेल्या पिल्लाचं पोट चेंडूसारखं गोल आणि घट्ट असतं, पहिल्या काही दिवसांत पातळ कातडीतून आतलं पांढरं दूधही दिसतं. अशी पिल्लं एकमेकांना चिकटून शांत झोपतात. उपाशी पिल्लाचं पोट खपाटीला गेलेलं असतं, कातडीला सुरकुत्या पडतात, हात लावला की ते तोंड वर करून काहीतरी शोधत राहतं.

डोळ्यांवर विसंबू नका, वजन करा. एक ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, त्यावर वाटी ठेवा, वाटीत मऊ फडकं. प्रत्येक पिल्लाच्या पाठीवर किंवा कानाच्या आत मार्करने वेगळी खूण करा आणि रोज सकाळी ठरलेल्या वेळी वजन वहीत लिहा. चोवीस तासांत वजन वाढलं असेल तर आई पाजतेय, तुम्ही बाजूला व्हा. धडधाकट नवजात पिल्लू उबेत असेल तर एक दिवस उपाशी राहूनही तग धरतं, त्यामुळे एक रात्र वाट बघायला सहसा हरकत नसते. माणसाचा हात लागला की मादी पिल्लं टाकते, असं गावोगाव सांगतात. पाळीव मादीच्या बाबतीत ते खरं नाही. हात धुवा, आधी तिच्या अंगावरून फिरवा, मग पिल्लं उचला.

वरचं दूध द्यावं लागतं ते आई मेली असेल, तिची कास सुजून गरम आणि कडक झाली असेल, ती पिल्लांना चावत असेल, किंवा वजन वाढायच्या ऐवजी घटत असेल आणि कातडीला सुरकुत्या दिसत असतील तेव्हा.

शेतात सापडलेल्या पिल्लांची गोष्ट मात्र निराळी. ऊसतोडीत किंवा ज्वारीच्या काढणीत जी सापडतात ती रानसशाची असतात. ती जन्मतःच केसाळ आणि उघड्या डोळ्यांची असतात, आणि आई त्यांना दिवसभर मुद्दाम एकटी ठेवते. जखम नसेल तर जवळच्याच बांधावर, गवताच्या आडोशाला ठेवून कुत्री लांब ठेवा; अंधार पडल्यावर आई येते. रानससा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ खाली संरक्षित आहे, त्याला घरी आणून पाळता येत नाही. पिल्लू जखमी असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. इथून पुढचं सगळं पाळीव सशांबद्दल आहे.

आधी आईला आणखी एक संधी

पहिलटकरीण मादी पुष्कळदा गोंधळते. घरट्याबाहेर, जाळीवरच व्याते, घरट्यासाठी स्वतःचे केस उपटत नाही. मांजरीसारखी तोंडात धरून पिल्लू उचलून आणणं सशाच्या मादीला जमत नाही, त्यामुळे बाहेर पडलेलं पिल्लू बाहेरच गारठतं. तिला वळता येईल एवढं लाकडी किंवा पुठ्ठ्याचं खोकं द्या. पुढची कड वीतभर उंच ठेवा, म्हणजे सडाला चिकटलेलं पिल्लू आईबरोबर बाहेर ओढलं जाणार नाही. आत कोरडं मऊ गवत आणि तिचेच केस घाला. या दिवसांत पोटावरचे केस सैल झालेले असतात, हलक्या हाताने थोडे निघतात. नर त्याच पिंजऱ्यात असेल तर आजच वेगळा करा, कारण व्यायल्यावर काही तासांतच मादी पुन्हा गाभण राहू शकते.

तरीही ती पाजत नसेल तर सकाळ-संध्याकाळ तिला शांत खोलीत जमिनीवर बसवा, एक हात डोक्यावरून फिरवत राहा आणि पिल्लं पोटाखाली सरकवा. पिल्लांना सड शोधायला मिनिटभर पुरतं. काही माद्या दोन-तीन दिवसांत स्वतःहून पाजू लागतात. हे कितीही कंटाळवाणं वाटलं तरी करा. आईच्या दुधाला तोड नाही.

दुसरा चांगला मार्ग म्हणजे दाई. त्याच दोन-तीन दिवसांत व्यायलेली दुसरी मादी तुमच्याकडे किंवा ओळखीच्या कुणाकडे असेल तर ती खोक्यात नसताना तिच्या घरट्यातले केस या पिल्लांच्या अंगाला चोळा आणि पिल्लं तिच्या पिल्लांच्या मधोमध ठेवा. सड बहुधा आठ असतात, म्हणून एकूण पिल्लं आठच्या वर जाऊ देऊ नका. आईला कासदाह झाला असेल तर मात्र तिची पिल्लं दाईकडे द्यायची नाहीत, त्यांच्या तोंडातून संसर्ग त्या मादीलाही होतो.

दुधाआधी ऊब

गारठलेल्या पिल्लाला दूध पाजणं ही सर्वात महाग पडणारी चूक. थंड अंगात आतडी चालत नाहीत, दूध पोटात तसंच पडून नासतं. हाताला गार लागणारं पिल्लू आधी कपड्यांच्या आत, छातीशी धरा, किंवा फडक्यात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या पिशवीजवळ अर्धा-पाऊण तास ठेवा. दिव्याखाली किंवा शेगडीजवळ धरू नका, कातडी भाजते. अंग गुलाबी होऊन ते वळवळू लागलं की मग दुधाचा विचार.

केस यायला आठवडाभर लागतो. तोवर घरट्यात ३० ते ३२ अंश ऊब हवी, पुढे हळूहळू कमी. गरम पाण्याची पिशवी खोक्याच्या अर्ध्या भागाखाली ठेवा, म्हणजे नकोसं झालं की पिल्लं दुसऱ्या अर्ध्यात सरकतील. विजेच्या पॅडपेक्षा मला पिशवीच बरी वाटते, लाईट गेली तरी ती काम करते, फक्त दर तीन-चार तासांनी पाणी बदलावं लागतं. अंथरायला गवतावर मऊ सुती फडकं घाला. टॉवेल नको, त्याच्या धाग्यांच्या फेऱ्यांत नखं आणि पाय अडकतात.

एप्रिल-मे महिन्यांत विदर्भ-मराठवाड्यात प्रश्न उलटा होतो. पिल्लं एकमेकांपासून लांब पसरून पडली असतील, लालबुंद दिसत असतील, तर त्यांना उकडतंय. वरचे केस काढा आणि खोकं घरातल्या सर्वात थंड खोलीत न्या. वर्षभर सांभाळायची दुसरी गोष्ट म्हणजे मुंग्या. दुधाच्या वासावर त्या येतात आणि डोळे मिटलेलं पिल्लू स्वतःला सोडवू शकत नाही. खोकं स्टुलावर ठेवा आणि स्टुलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. घूस आणि मांजर यांच्यासाठी वरून जाळी.

कोणतं दूध

सशाच्या दुधात फॅट आणि प्रथिनं दोन्ही दहा टक्क्यांच्या वर असतात, लॅक्टोज जेमतेम एक-दोन टक्के. गाईच्या दुधात फॅट चार टक्क्यांच्या आसपास आणि लॅक्टोज जवळपास पाच टक्के. म्हणजे पिल्लाला हवं ते तिसऱ्या हिश्श्याइतकंच मिळतं, आणि जे पचत नाही ते कितीतरी जास्त. माझी पहिली पाच पिल्लं ढाळ होऊन का गेली, ते या आकड्यांत आहे. म्हशीच्या दुधात फॅट जास्त असतं, पण लॅक्टोज तसंच. माणसाच्या बाळांची पावडर तर याहून वाईट, तिच्यात लॅक्टोज मुद्दामच भरपूर असतं.

त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी दूध पावडर. पाळीव प्राण्यांच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळते. डब्यावर दिलेल्या प्रमाणात उकळून कोमट केलेल्या पाण्यात ती कालवा आणि तयार ६० मिली दुधात एक छोटा चमचा बिनसाखरेचं फ्रेश क्रीम घाला. घरची साय नको, तिच्या गुठळ्या सिरिंजच्या तोंडात अडकतात. पावडर हाती येईपर्यंत एखादी रात्र काढायची झाली तर उकळलेलं शेळीचं दूध आणि तेच क्रीम. तो तेवढ्यापुरताच उपाय समजा.

बनवलेलं दूध फ्रीजमध्ये चोवीस तास, त्यापुढे टाकून द्या. पाजण्यापुरतं वाटीत काढून वाटी गरम पाण्यात ठेवा. मनगटावर थेंब टाकल्यावर किंचित गरम लागला की बरोबर. उरलेलं पुन्हा फ्रीजमध्ये ठेवायचं नाही.

सुरकुतलेल्या, सुकलेल्या पिल्लाची पाजायची पहिली पाळी दुधाची नसावी. मेडिकलमधून बिनचवीचं ओआरएस आणा, पुडीवर लिहिलेल्या पाण्यात कालवा आणि कोमट करून एक-दोन मिली द्या. अंगात पाणी गेलं की पुढच्या पाळीला दूध.

पाजायची रीत

सुई काढलेली १ मिलीची सिरिंज घ्या, प्रत्येक पिल्लाला वेगळी. मांजराच्या पिल्लांचं लहान निपल पुढे बसत असेल तर उत्तम, नसेल तर नुसत्या सिरिंजनेही जमतं. काही जण सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब लावतात. सशाच्या पिल्लांना जन्मतःच बारीक दात असतात, ट्यूबचा तुकडा तुटून घशात जाऊ शकतो, म्हणून मी ती वापरत नाही.

१. हात धुवा. पिल्लू मऊ फडक्यात असं गुंडाळा की फक्त डोकं बाहेर राहील.

२. त्याला बसतं धरा, पाय खाली, डोकं किंचित वर. आईखाली पिल्लं उताणी होऊन पितात, पण तिथे दुधाचा वेग त्यांच्या ओढण्यावर असतो. सिरिंजचा वेग तुमच्या अंगठ्यावर आहे. उताणं धरलं तर दूध श्वासनळीत जातं.

३. सिरिंज तोंडाच्या बाजूने, ओठांच्या कडेला टेकवा. एक थेंब ओठावर येऊ द्या. चाटलं की दुसरा. थेंब गिळल्याशिवाय पुढचा थेंब नाही.

४. ओढायला लागलं तरी दट्ट्या दाबू नका, त्याच्या ओढण्याबरोबर हलका सरकू द्या. पहिल्या दिवसांत एका पिल्लाला दहा मिनिटं लागली तरी लागू द्या.

५. नाकातून दूध आलं किंवा ठसका लागला तर लगेच थांबा. डोकं खाली झुकवा, नाक टिपा, श्वास नीट सुरू होईपर्यंत पुन्हा पाजू नका. श्वासाला टिकटिक किंवा घरघर आवाज येत राहिला तर दूध फुप्फुसात गेलंय. त्याच दिवशी पशुवैद्याकडे.

६. हनुवटी आणि छाती कोमट पाण्याच्या कापसाने पुसून कोरडी करा. वाळलेल्या दुधाखालची कातडी सडते.

पाळ्या दिवसातून दोन, साधारण बारा तासांच्या अंतराने, पहाटे आणि रात्री. दर दोन तासांनी पाजायचा मोह होईल, पण सशाच्या पिल्लाचं पोट तसं चालत नाही. न्यूझीलंड व्हाइटसारख्या मध्यम जातीच्या पिल्लाला एका पाळीला अंदाजे इतकं:

पहिला आठवडा: २ ते २.५ मिली
दुसरा आठवडा: ५ ते ७ मिली
तिसरा आठवडा: ७ ते १३ मिली
तिसरा आठवडा संपल्यापासून सहाव्यापर्यंत: १३ ते १५ मिली

हे आकडे वरची मर्यादा म्हणून वाचा. एका आठवड्यातून दुसऱ्यात एकदम उडी नको, रोज थोडंथोडं वाढवा. लहान जातीच्या किंवा अशक्त पिल्लाला याहून कमी, आणि एखादं पिल्लू इतकं दोनदा पिऊ शकत नसेल तर तेच दूध तीन पाळ्यांत विभागा. पोट गोल झालं की थांबायचं, पण ते ढोलासारखं ताणलं जाता कामा नये. भुकेने पिल्लू हळूहळू खंगतं आणि सावरायला एखादा दिवस मिळतो, जास्त दुधाने ते काही तासांत फुगून जातं. हातात सिरिंज असताना माया आवरणं फार अवघड असतं, मला अजूनही जातं.

शू आणि शी

डोळे उघडेपर्यंत पिल्लांना आपसूक नीट शू-शी होत नाही. आई पाजताना चाटते तेव्हा होते. तुम्ही कापसाचा बोळा कोमट पाण्यात भिजवून पिळा आणि पोटापासून शेपटीकडे हलक्या हाताने, चाटल्यासारखा फिरवा. पाजण्याआधी करा, काही झालं नाही तर पाजल्यावर पुन्हा. शू बहुतेक वेळा होते, शी दर वेळी नाही. दोन पाळ्या शूच झाली नाही तर वाट बघत बसू नका. दहा-बारा दिवसांनी डोळे उघडले आणि घरट्यात आपोआप ओल दिसू लागली की हे काम संपलं.

पोटातला अदृश्य भाग

हातावर वाढलेली पिल्लं आईजवळच्या पिल्लांपेक्षा जास्त का दगावतात, याचं एक कारण दुधाच्या पोषणापलीकडे आहे. आईचं दूध पिल्लाच्या पोटात पचताना त्यातून काही फॅटी आम्लं तयार होतात आणि ती जंतूंना वाढू देत नाहीत. तान्ह्या पिल्लाच्या पोटातलं आम्ल मोठ्या सशाइतकं तीव्र नसतं, त्यामुळे ते या संरक्षणावरच अवलंबून असतं. पावडरच्या दुधात हे मिळत नाही. म्हणून सिरिंज, वाट्या आणि निपल प्रत्येक पाळीनंतर धुवून उकळायचे, त्यात सवलत नाही. थोडा दिलासा एवढाच की रोगप्रतिकारक घटकांचा मोठा वाटा पिल्लांना जन्माआधीच आईच्या रक्तातून मिळालेला असतो. वासराचं चिकाशिवाय जसं अडतं, तसं यांचं अडत नाही.

दुसरी उणीव आतड्यातल्या चांगल्या जंतूंची. आई घरट्यात काही लेंड्या टाकून जाते आणि साधारण आठव्या दिवसापासून पिल्लं त्या कुरतडतात. शिवाय मोठा ससा रोज एक वेगळी, मऊ, चकाकणारी, द्राक्षाच्या बारीक घडासारखी लेंडी टाकतो आणि स्वतःच खातो. तुमच्याकडे किंवा खात्रीच्या माणसाकडे निरोगी मोठा ससा असेल तर डोळे उघडायच्या सुमारास त्याच्या घरातल्या काही कोरड्या लेंड्या घरट्यात टाका, आणि मऊ लेंडी हाती लागली तर तिचा कणभर भाग दिवसातून एकदा दुधात कालवून तीन-चार दिवस द्या. किळस वाटेल, पण आतडी इथूनच तयार होतात. पातळ शी करणाऱ्या किंवा औषध चालू असलेल्या सशाचं काही घेऊ नका.

औषधांबद्दल सावध राहा

गाई-म्हशी आणि कुत्री बघणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला सशांची सवय असतेच असं नाही. अमॉक्सिसिलिन किंवा पेनिसिलिन गटातलं औषध तोंडावाटे दिलं तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि ससा जाऊ शकतो. फिप्रोनिल असलेला गोचीड-पिसवांचा स्प्रेही सशाला चालत नाही. चिठ्ठी हातात पडली की नाव वाचा आणि 'हे सशाला चालतं ना?' असं नम्रपणे विचारा. चांगला डॉक्टर याचा राग मानत नाही.

पातळ शी, फुगलेलं कडक पोट, दात खाणं, दोन पाळ्या तोंड फिरवणं, अंग गार पडणं, यातलं एकही दिसलं तर उद्यावर ढकलू नका. पातळ शी झालेलं पिल्लू दुपारी बरं वाटतं आणि संध्याकाळी नसतं.

डोळे उघडल्यापासून पुढे

बाराव्या दिवसानंतरही पापण्या चिकटलेल्या असतील तर कोमट सलाइनच्या कापसाने हलक्या हाताने पुसा, ओढून उघडू नका. पंधराव्या दिवसाच्या आसपास पिल्लं खोक्याबाहेर येतात आणि समोर असेल ते कुरतडून बघतात. समोर स्वच्छ वाळलेलं गवत असू द्या, वाळवलेली लसूणघास असेल तर फार चांगलं. सशांच्या थोड्या पेलेट्स (खाद्याच्या कोरड्या गोळ्या) ठेवा. तिसऱ्या आठवड्यात उथळ, जड वाटीत पाणी. ओला पाला, कोथिंबीर, गाजर, यातलं काही सहा आठवडे होईपर्यंत देऊ नका. गाजर खाणारं पिल्लू फोटोत फार गोड दिसतं, पण त्याचं पोट त्यासाठी अजून तयार नसतं.

दूध तोडायची घाई नको. आईजवळची पिल्लंही पाच-सहा आठवडे पितात. पाचव्या आठवड्यात पिल्लं भरपूर गवत खात असतील तर रात्रीची पाळी ठेवून पहाटेची हळूहळू कमी करत आणा, सहाव्याच्या शेवटी रात्रीचीही. या काळात वजन थांबलं तर दोन दिवसांपूर्वी जितकं दूध देत होता तितकंच पुन्हा द्या. वजनाची वही बंद करू नका. चौथ्या ते आठव्या आठवड्यात पोटाचे आजार सर्वाधिक येतात, आणि बाहेरून खेळकर दिसणाऱ्या पिल्लाचं बिघडलेलं पोट वहीत एक दिवस आधी दिसतं.

काही पिल्लं जातील. सगळं नीट केलं तरी जातील. एखादं सकाळी गार सापडलं तर त्याला बाजूला करा, बाकीच्यांची पोटं तपासा, पिशवीतलं पाणी बदला आणि पुढच्या पिल्लाला कापूस फिरवायला घ्या. बाकीच्यांची पाजायची वेळ झालेली असते.